पेटीतली फेल्ट हॅट पुन्हा डोक्यावर

नांदेडहून अर्धापूरमार्गे वारंगा फाट्याकडे निघाले की केळीच्या बागांमधून रस्ता डोंगरकड्याला येतो. कळमनुरी तालुक्यातल्या या गावात काय किंवा हिंगोली जिल्ह्यातल्या इतर कोणत्याही गावात काय, फेल्ट हॅट ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही. १४ एप्रिलच्या फलकांवर सूट आणि हॅट घातलेले बाबासाहेब असतात. २३ मार्चला भगतसिंगांचे हॅटमधले छायाचित्र लागते. ते छायाचित्र एप्रिल १९२९ मध्ये दिल्लीत काढलेले. त्याआधी डिसेंबर १९२८ मध्ये भगतसिंग साहेबी वेशात लाहोरहून रेल्वेने निसटले, तेव्हा नोकराच्या वेशात त्यांच्यासोबत होते ते खेडचे राजगुरू.

फलकावर इतकी ओळखीची असलेली ही टोपी हातात घेऊन पाहिलेली माणसे मात्र थोडी. कुणाच्या पणजोबांची वकिलीच्या काळातली, कुणाच्या आजोबांनी फौजेतून किंवा परदेशातून आणलेली, कुणी जुन्या बाजारातून हौसेने घेतलेली रुंद काठाची ‘काऊबॉय’ हॅट, अशा टोप्या आजही ट्रंकांमध्ये पडून आहेत. बहुतेकींना कसर लागते. उरलेल्या एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत बादलीत बुडवल्या जातात आणि कायमच्या बिघडतात. खरे तर चांगली फेल्ट हॅट दोन-तीन पिढ्या टिकते. ती कशाची बनली आहे एवढे समजून घेतले, तर तिची बरीचशी दुरुस्ती घरच्या घरी होते.

हा माल मराठवाड्याला नवा नाही

हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची लष्करी छावणी होती. १९०३ मध्ये ती उठली. त्या काळात साहेबांच्या टोप्या या भागाने जवळून पाहिल्या. निजामाच्या राज्यात शेरवानीवर घातली जाणारी रूमी टोपी तर दप्तरांत आणि शाळांत सर्रास दिसे. ही लाल, गोंडा असलेली, बिनकाठाची टोपीही लोकरीच्या फेल्टचीच. तुर्कस्तानात १९२५ च्या कायद्याने तिच्यावर बंदी आली, तरी हैदराबाद राज्यात ती पुढेही वापरात राहिली. हैदराबादचे कारागीर ती गरम पितळी साच्यावर चढवून, ओलावा आणि उष्णता देऊन तिचा आकार पक्का करीत. अमेरिकेतला टोपीवाला लाकडी ठोकळा आणि वाफ वापरून नेमके हेच करतो.

वीण नसलेला पोत

फेल्टला ताणा नसतो आणि बाणाही नसतो. लोकरीच्या किंवा केसांच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, दाब आणि घर्षण मिळाले की तंतू सरकतात, त्यांचे खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. अशा अडकलेल्या तंतूंचा दाट थर म्हणजे फेल्ट. धनगराचे घोंगडे मागावर विणलेले असते, पण लोकरीचा हा गुण तिथेही असतोच. गरम पाण्यात घासून धुतले तर घोंगडे आटते, हे घरातल्या जुन्या बाईला सांगावे लागत नाही. हॅट धुतली की का आक्रसते, याचे कारणही हेच.

स्वस्त हॅट मेंढीच्या लोकरीची असते. चांगली हॅट सशाच्या मऊ केसांची आणि सर्वांत महागडी बीव्हर या पाण्यात राहणाऱ्या प्राण्याच्या केसांची. बारीक केसांचा फेल्ट अधिक दाट बसतो, पाऊस झेलतो आणि आकार धरून ठेवतो. जॉन बी. स्टेटसन यांनी १८६५ मध्ये फिलाडेल्फियात कारखाना काढला आणि उंच माथ्याची, रुंद काठाची ‘बॉस ऑफ द प्लेन्स’ ही हॅट गुराख्यांपर्यंत पोहोचवली. उन्हात सावली आणि पावसात आडोसा अशी तिची दुहेरी कामगिरी होती. आपल्याकडे पावसात तेच काम घोंगड्याची खोळ करत आली आहे. इटलीची बोर्सालिनो आणि ऑस्ट्रेलियाची अकुब्रा ही या धंद्यातली आणखी दोन मोठी नावे. अमेरिकी हॅटच्या आत ‘एक्स’ची खूण असते. जास्त एक्स म्हणजे जास्त चांगला फेल्ट, पण त्याचे प्रमाण प्रत्येक कंपनीचे वेगळे. त्यामुळे दोन कंपन्यांचे एक्स मोजून किंमत ठरवू नये.

हॅटला ताठपणा येतो तो लाखेमुळे. पळस, बोर आणि कुसुमाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांची लाख भारतातून जगभर गेली आणि हॅटच्या कारखान्यांतही वापरली गेली. घोंगड्याच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, त्यामागचा हेतूही असाच. लाख उष्णतेने मऊ होते. म्हणून उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवलेल्या हॅटचा काठ वेडावाकडा होतो, आणि म्हणूनच वाफ देऊन तो पुन्हा सरळही करता येतो.

आधी एक इशारा

सशाचे आणि बीव्हरचे केस चांगले अडकावेत म्हणून पूर्वी त्यांवर पाऱ्याच्या क्षाराची प्रक्रिया करत. त्या वाफांनी टोपी कारागिरांना कंप सुटे, स्वभाव बदले. अमेरिकेत १९४१ मध्ये ही पद्धत बंद झाली. त्याआधीच्या हॅटमध्ये पाऱ्याचा अंश असू शकतो. अशी हॅट हातमोजे घालून हाताळावी, तिला घरी वाफ देऊ नये आणि ती रोज डोक्यावर घालण्याचा विचार सोडावा. पुढची कृती त्यानंतरच्या हॅटसाठी आहे.

दुरुस्तीचा क्रम

पहिले काम कसर मारण्याचे. टोपीला बारीक भोके दिसली, आतल्या पट्टीखाली जाळे किंवा अळीची कात सापडली, तर हॅट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. थंडपणा पूर्ण जाऊ द्यावा, नाहीतर हवेतला ओलावा फेल्टवर जमतो.

दुसरे काम धुळीचे. मऊ केसांचा ब्रश घेऊन लवेच्या दिशेने हळूहळू फिरवावा. फिकट आणि गडद हॅटसाठी वेगळे ब्रश ठेवावेत. धूळ निघण्याआधी पाण्याचा थेंबही लावू नये, कारण ओली धूळ तंतूंमध्ये जाऊन बसते.

तिसरे काम डागांचे. डोक्याच्या तेलाचा डाग असेल तर फिकट हॅटवर कॉर्नफ्लॉवर भुरभुरावे, रात्रभर राहू द्यावे आणि सकाळी झटकावे. गरज पडल्यास पुन्हा करावे. गडद हॅटवर पीठ पांढुरके राहते, तिथे कोरडा स्पंज बरा. वरवरचा हट्टी डाग अगदी बारीक पॉलिश पेपरने, दाब न देता काढता येतो. साबण, पेट्रोल आणि ब्लीच यांपैकी काहीही वापरू नये.

चौथे काम आकाराचे. आतली चामड्याची पट्टी आधी बाहेर उलटवून घ्यावी. वाफेने चामडे आक्रसते आणि हॅट डोक्याला लहान होते. मग केटलीच्या वाफेवर हॅट थोडी लांब धरून काही सेकंद फिरवावी, मऊ झालेला भाग बोटांनी हवा तसा वळवावा आणि थंड होईपर्यंत तसाच धरावा. एका वेळी थोडाच भाग घ्यावा. वाळवणे सावलीत. हेअर ड्रायर आणि ऊन दोन्ही वर्ज्य.

शेवटचे काम शिलाईचे. पट्टी तडकली असेल तर ती बदलावी लागते. चामड्याचे काम नीट जाणणारा कारागीर हे करू शकतो. मात्र जुन्याच भोकांतून टाके घालायला त्याला आवर्जून सांगावे. फेल्टला नवी भोके पडली तर ती बुजत नाहीत. रिबन आणि अस्तर शिंपी बदलून देतो.

घालताना आणि ठेवताना

हॅट घेण्याआधी कानांच्या वरून, कपाळाच्या मध्यावरून डोक्याचा घेर मोजावा. ५६ सेंटिमीटर म्हणजे अमेरिकी मापात ७ आणि ५८ सेंटिमीटर म्हणजे सव्वासात. किंचित सैल हॅट आतून कागदी पट्टी घालून बसवता येते. घट्ट हॅट ताणून मोठी करण्याला मर्यादा आहे.

अमेरिकेत फेल्ट थंडीत आणि गवती हॅट उन्हाळ्यात घालण्याचा रिवाज आहे. मराठवाड्यात तर ही गरजच आहे. पारा चाळिशीच्या वर गेल्यावर फेल्ट घामाने भिजतो आणि घामातले मीठ व तेल पट्टीतून फेल्टमध्ये उतरते. कार्तिकापासून माघापर्यंतची थंडी हा आपल्याकडे फेल्टचा हंगाम. हॅट उचलताना माथ्याची चिमूट धरू नये. फेल्ट तिथेच तडकतो. दोन्ही हातांनी काठ धरावा. उतरवल्यावर काठावर न टेकवता माथ्यावर उलटी ठेवावी.

पाश्चात्त्य रीतीत घरात शिरताना हॅट काढणे हा आदर, तर आपल्याकडे शुभकार्यात डोके झाकणे हा आदर. दोन्ही रीती एकाच डोक्याने सांभाळता येतात. नांदेडच्या गुरुद्वारात जाताना हॅट काढून रुमाल बांधावा.

पावसाळ्यात हॅट बंद ट्रंकेत ठेवू नये, बुरशी येते. हवा खेळेल अशा पुठ्ठ्याच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून ब्रश फिरवावा. सर्वांत चांगला उपाय म्हणजे ती वापरणे. कसर अंधारात, न हलवलेल्या लोकरीत वाढते.

वापरायची आणि जपायची

आतापर्यंत सांगितले ते वापरायच्या हॅटबद्दल. जपायच्या हॅटचा धर्म वेगळा. नागपूरजवळच्या चिचोली इथल्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर आणि इतर वापरातल्या वस्तू आहेत. त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांच्याकडून त्या वामनराव गोडबोले यांच्याकडे आल्या. १९५६ च्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या आयोजनात गोडबोले यांचा पुढाकार होता. या वस्तूंना कसर आणि बुरशीने ग्रासू नये म्हणून नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात त्यांच्यावर रासायनिक प्रक्रिया झाली. हे काम तज्ज्ञांचेच. वापरायच्या हॅटवर घामाचा डाग म्हणजे मळ, पण ऐतिहासिक हॅटवर तोच डाग पुरावा असतो. काठाचा बाक, माथ्यावरची खाच, बोटे लागून झिजलेली जागा यांतून ती घालणाऱ्याची सवय कळते. वाफ देऊन ती नवी केली तर एवढा पुरावा पुसला जातो.

म्हणून घरात जुनी हॅट सापडली तर ब्रश हाती घेण्याआधी ती कुणाची, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी डब्यात ठेवा. सार्वजनिक जीवनात काम केलेल्या माणसाची असेल, तर तिला हात न लावता जवळच्या वस्तुसंग्रहालयाचा सल्ला घ्या. आजोबांची साधी हॅट असेल, तर कसर मारा, धूळ झटका, आकार नीट करा आणि येत्या थंडीत ती निःसंकोच डोक्यावर घाला.