आय-कार्ड काढल्यावर तुम्ही कोण?

सकाळची बदलापूर लोकल. अंबरनाथला गर्दी आणखी आत सरकते आणि उल्हासनगरला तर पाय ठेवायलाही जागा उरत नाही. जरा आजूबाजूला बघा. प्रत्येकाच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला आय-कार्ड. कुणी बँकेतला, कुणी कॉल सेंटरमधली. 'तू काय करतोस?' विचारलं की आपण तेच कार्ड पुढे करतो. पण अप्रेझल फसलं, कंपनीने नारळ दिला किंवा ब्रेकअप झालं की? मग 'मी नक्की कोण?' हा प्रश्न रात्री झोपू देत नाही.

उल्हासनगरला हा प्रश्न नवा नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित इथल्या लष्करी छावणीत राहिले. १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. घर, गाव, धंदा सगळं मागे राहिलं आणि पत्त्यात आला कॅम्पचा नंबर!

याच प्रश्नाचं एक उत्तर एका मराठी कवीला रेल्वेच्या डब्यात सापडू लागलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक, जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. हुशार, पण एका जागी न टिकणारा माणूस. नागपूरहून राजनांदगावला जाताना एका गोऱ्या सहप्रवाशाशी गप्पा जमल्या. आधी संस्कृत काव्य, मग धर्म. उतरण्याआधी त्याने टिळकांच्या हातात बायबल ठेवलं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने टिळकांना धरलं ते सोडलंच नाही. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

जात गेली, माणसं दुरावली. पण टिळकांनी नाव बदललं नाही की मराठीपण सोडलं नाही. त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले, कीर्तनं केली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. १९१७ मध्ये तर त्यांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. पद गेलं तरी ओळख शाबूत! कारण ती कमावलेली नव्हती. देवाने आपल्याला आधीच आपलं म्हटलंय, या विश्वासावर ती उभी होती.

मग घरी काय झालं? खरी स्टोरी इथेच आहे. पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळं-ओवळं, जातपात यांच्याशी त्यांचं भांडण त्यांनी स्वतःच मिटवलं आणि मगच, १९०० मध्ये, बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याची श्रद्धा त्यांनी उसनी घेतली नाही. म्हणूनच १९३४ पासून भागाभागाने आलेल्या 'स्मृतिचित्रे'मध्ये भेटतात त्या 'टिळकांच्या मिसेस' नाहीत. भेटतात त्या खणखणीत लक्ष्मीबाई!

तुमची श्रद्धा कोणतीही असेल किंवा नसेलही. पण टिळक दांपत्याची गोष्ट आपल्या कामाची आहे. पगार, पद आणि जोडीदार यांवर टांगलेली ओळख त्यांच्याबरोबरच खाली येते. आणि आतली ओळख कुणी आयती देत नाही, नवरासुद्धा नाही. तिला वेळ लागतो. लक्ष्मीबाईंना पाच वर्षं लागली.

तेव्हा आज रात्री बदलापूरला उतरलात की आय-कार्ड खिशात टाका आणि घरी पोहोचेपर्यंत स्वतःला एकच विचारा. हे नसतं, तर मी कोण?