कृत्तिका, अग्नी आणि पूर्व दिशा

पंचांगातील अवकहडा चक्रात कृत्तिका नक्षत्रासमोर बरीच माहिती दिलेली असते : अक्षरे अ, ई, उ, ए; योनी मेंढा; गण राक्षस. मुहूर्ताचे ग्रंथ पाहिले तर देवता अग्नी, आकृती क्षुर म्हणजे वस्तरा आणि ताऱ्यांची संख्या सहा, अशी आणखी भर पडते. या नक्षत्रावर जन्मलेली व्यक्ती तापट, तेजस्वी, तीक्ष्ण बुद्धीची असते, असे भविष्य त्यावरून सांगितले जाते. वर्गात नक्षत्रांचा विषय निघाला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, हे खरे असते का?" 'सगळे थोतांड आहे' एवढेच उत्तर देऊन विषय संपवला, तर एक चांगली संधी हातची जाते. या यादीतील काही गोष्टी आकाश पाहून लिहिल्या आहेत, काही यज्ञाच्या गरजेतून आल्या आहेत आणि काही पुष्कळ नंतर चिकटल्या आहेत. त्या वेगळ्या कशा करायच्या, ते कृत्तिकेच्या उदाहरणावरून पाहू.

आकृती आणि ताऱ्यांची संख्या

वृषभ राशीत तांबूस रंगाच्या ठळक रोहिणी ताऱ्याजवळ ताऱ्यांचा एक लहानसा पुंजका दिसतो, त्या कृत्तिका. पूर्वी घड्याळ नव्हते, नकाशे नव्हते. चंद्र आज कोणत्या ताऱ्यांपाशी आहे हे ओळखायचे, तर तारकापुंज लक्षात राहायला हवेत. म्हणून रोहिणीचा गाडा, हस्ताचा हात, मृगाचे हरिणाचे तोंड अशा आकृती कल्पिल्या गेल्या. कृत्तिकेचा वस्तरा त्यांपैकीच एक. 'कृत्' म्हणजे कापणे या धातूशी नावाचा संबंध जोडला गेल्याने ही आकृती अधिकच पक्की झाली असावी.

ताऱ्यांची संख्याही तपासून पाहण्याजोगी आहे. तैत्तिरीय ग्रंथांत कृत्तिकांची अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती आणि चुपुणीका अशी सात नावे येतात. नंतरच्या ग्रंथांत मात्र संख्या सहा आहे आणि कार्तिकेयाला वाढवणाऱ्या माताही सहाच. चांगल्या आकाशात बहुतेकांना सहा तारे सहज दिसतात. तीक्ष्ण नजरेच्या माणसाला त्याहून अधिक दिसतात. दुर्बिणीतून आणि छायाचित्रांतून पाहिल्यावर हा हजाराहून अधिक ताऱ्यांचा समूह असल्याचे कळते. तो सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर आहे.

देवता अग्नीच का?

कृत्तिकेची देवता अग्नी, रोहिणीची प्रजापती, मृगाची सोम, आर्द्रेची रुद्र, अशी नक्षत्रदेवतांची यादी वैदिक वाङ्मयात मिळते. तिची सुरुवात आजच्याप्रमाणे अश्विनीपासून होत नाही, कृत्तिकेपासून होते. शेवट भरणीपाशी होतो आणि भरणीची देवता आहे यम. म्हणजे यज्ञात ज्याला पहिला मान, तो अग्नी पहिल्या नक्षत्रावर आणि मृत्यूची देवता अखेरच्या नक्षत्रावर.

अग्नीचे एक सोपे स्पष्टीकरण पुष्कळदा ऐकू येते. सूर्य साधारण ११ ते २५ मे या काळात कृत्तिका नक्षत्रात असतो, तेव्हा कडक ऊन असते, म्हणून देवता अग्नी. तमिळनाडूत मे महिन्यातील अशाच दिवसांना 'अग्नि नक्षत्रम्' म्हणतात. परंतु पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे डुलत असतो. एका फेरीला त्याला सुमारे २६,००० वर्षे लागतात आणि त्यामुळे वसंतसंपात नक्षत्रचक्रात दर ७२ वर्षांनी सुमारे एक अंश मागे सरकतो. या हिशेबाने इ.स.पू. २३०० च्या सुमारास सूर्य कृत्तिकांपाशी वसंतसंपाताच्या दिवशी, म्हणजे आजच्या २१ मार्चच्या ऋतूत येत असे. त्यानंतरही कित्येक शतके तो तेथे वैशाखवणव्याच्या बराच आधी पोहोचत होता. तेव्हा उन्हाचे कारण मागाहून जुळलेले दिसते. मूळ कारण यज्ञाशी आणि यादीतील पहिल्या स्थानाशी निगडित असण्याची शक्यता अधिक.

दीक्षितांचे गणित

शतपथ ब्राह्मणात अग्न्याधान, म्हणजे यज्ञासाठी अग्नीची स्थापना, कोणत्या नक्षत्रावर करावी याची चर्चा आहे. तेथे कृत्तिकेच्या बाजूने कारणे दिली आहेत : ते अग्नीचे नक्षत्र आहे, त्यात तारे पुष्कळ आहेत, आणि इतर नक्षत्रे पूर्वेपासून ढळतात पण कृत्तिका ढळत नाहीत. सप्तर्षी उत्तरेकडे उगवतात आणि या पूर्वेकडे, असाही उल्लेख तेथेच येतो.

पूर्वेपासून न ढळण्याचे हे विधान शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी हेरले. स्वतः शिक्षक असलेल्या दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. बरोबर पूर्वेला तोच तारा उगवतो जो खगोलीय विषुववृत्तावर असतो. आज कृत्तिका विषुववृत्ताच्या सुमारे २४ अंश उत्तरेला आहेत. संपातचलनाचे गणित उलट करत गेले, तर इ.स.पू. ३००० च्या सुमारास त्या विषुववृत्तावर येतात. म्हणून ते विधान त्या काळचे.

गणित बरोबर आहे. आजही ते करून पाहिले तर हाच काळ येतो. प्रश्न आहे तो विधानाच्या अर्थाचा. त्या काळाच्या आसपास कृत्तिकांची उगवण्याची जागा एक अंशाने हलायला दीडशेहून अधिक वर्षे लागत. पाहणाऱ्याच्या अंदाजात पाच अंशांची चूक धरली, तर काळ आठशे वर्षांनी अलीकडे किंवा पलीकडे जातो. दुसरे म्हणजे, भाषा आणि समाजजीवनाच्या वर्णनावरून अनेक अभ्यासक शतपथ ब्राह्मण इ.स.पू. पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धात ठेवतात. इ.स.पू. ८०० मध्ये उत्तर भारतात कृत्तिका पूर्वेच्या उत्तरेला सुमारे १४ अंशांवर उगवत. मग हे विधान आधीच्या पिढ्यांकडून जपत आलेले निरीक्षण आहे, की सप्तर्षींच्या तुलनेत 'पूर्वेकडे' एवढाच त्याचा ढोबळ अर्थ आहे? केवळ गणिताने याचा निकाल लागत नाही. जुन्या ग्रंथातील एका वाक्यावरून काळ ठरवताना ही सावधगिरी हवीच.

वर्गासाठी प्रयोग

शाळेला पूर्वेचे क्षितिज मोकळे असेल तर ही गोष्ट विद्यार्थ्यांना स्वतः तपासता येते. २३ सप्टेंबरच्या आसपास, विषुवदिनी, ठरावीक जागी उभे राहून सूर्य कोठे उगवतो ते एखाद्या झाडाच्या किंवा खांबाच्या खुणेने नोंदवा. ती खरी पूर्व. नंतर ऑक्टोबरच्या मध्यात रात्री साडेआठच्या सुमारास त्याच जागी उभे राहा. कृत्तिका नुकत्याच वर आलेल्या दिसतील. हात सरळ लांब धरून मूठ वळली की तिची रुंदी सुमारे १० अंश भरते. पूर्वेच्या खुणेपासून उत्तरेकडे मुठी मोजत जा. महाराष्ट्रातून हे अंतर सुमारे अडीच मुठी, म्हणजे २५ अंश भरेल. पूर्वेपासून 'न ढळणाऱ्या' कृत्तिका आज एवढ्या ढळल्या आहेत, आणि पृथ्वीच्या अक्षाचे डुलणे मुलांनी आपल्या मुठीने मोजलेले असेल. त्याच वेळी प्रत्येकाला किती तारे दिसले, तेही स्वतंत्रपणे लिहून घ्यावे.

मग भविष्याचे काय?

फलज्योतिषातील कृत्तिका नक्षत्र म्हणजे राशिचक्राचा १३ अंश २० कलांचा एक समान भाग. अशा २७ भागांत हे चक्र वाटलेले आहे. विंशोत्तरी दशेत याच नक्षत्राला रवी हा स्वामी दिला आहे. नक्षत्रदेवतांच्या वैदिक यादीत अशा ग्रहस्वामींचा पत्ता नाही; ती नंतरची भर आहे.

देवतेवरून स्वभाव ठरवणे हे शब्दांचे साम्य आहे : अग्नी तापतो, म्हणून माणूस तापट. प्रत्यक्ष कृत्तिकांचे ठळक तारे निळसर आहेत आणि पृष्ठभागाच्या तापमानात सूर्याच्या दुपटीहून अधिक तप्त आहेत. पण त्यांच्या उष्णतेचा जन्मणाऱ्या बालकावर परिणाम होतो असे कोणत्याही मोजमापात आढळलेले नाही. शिवाय त्या मुलाच्या जन्मवेळी पोहोचणारा त्यांचा प्रकाश ४४० वर्षांपूर्वी निघालेला असतो.

तेव्हा "सर, हे खरे असते का?" या प्रश्नावर मुलांनाच यादी फळ्यावर लिहायला सांगावी. ताऱ्यांची संख्या आणि उगवण्याची दिशा आकाशात तपासायची. देवता आणि आकृती कोठून आल्या हे जुन्या ग्रंथांच्या आधारे समजून घ्यायचे. स्वभावाचे म्हणणे तपासायचे असेल, तर वर्गातील सर्वांची नक्षत्रे झाकून ठेवून केवळ स्वभावावरून ती ओळखण्याचे आव्हान द्यायचे आणि किती उत्तरे बरोबर येतात ते मोजायचे.