ठरवलेला सागरी मार्ग कागदावर कसा छापायचा?



अक्षांश-रेखांशाचा धडा चालू असताना पाचवीतल्या एका मुलाने मला विचारलं, "बाई, होडीतला जीपीएस बंद पडला तर बाबा परत कसे येणार?" त्याचे वडील तांडेल आहेत. मी फळ्यावर गोल पृथ्वी काढून आडव्या-उभ्या रेषा मारत होते आणि त्याच्या डोळ्यासमोर होडी होती. आजचा लेख त्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे. जीपीएस बंद पडला तरी घड्याळ, होकायंत्र आणि मार्ग लिहिलेला एक कागद हाताशी असेल, तर आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधता येतो. तो कागद संगणकावरून कसा छापायचा आणि त्यावरचे आकडे कसे वाचायचे, ते आज पाहूया.

१) मार्ग म्हणजे काय?

समुद्रात रस्ता नसतो. म्हणून नकाशावर ठरावीक जागी बिंदू घेतात आणि ते सरळ रेषांनी जोडतात. अशा प्रत्येक बिंदूला वेपॉइंट म्हणतात, आपण त्याला 'टप्पा' म्हणू. एका टप्प्यापासून पुढच्या टप्प्यापर्यंत तीन गोष्टी माहीत हव्यात: दिशा किती अंश, अंतर किती सागरी मैल आणि वेळ किती लागेल.

एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. हा आकडा असा विचित्र का? कारण तो पृथ्वीच्या मापावरून आलाय. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० मिनिटं आणि त्यातल्या एका मिनिटाचं अंतर म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल. तासाला एक सागरी मैल जाणं म्हणजे एक नॉट वेग. एवढं समजलं की अर्धा धडा झालाच बघा.

२) छापण्याआधी नकाशा मोठा करून बघा

मार्ग आखण्यासाठी ओपनसीपीएन नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. त्यात अधिकृत सागरी नकाशे मात्र वेगळे घालावे लागतात. आपल्या समुद्राचे असे नकाशे देहरादून इथलं भारतीय नौदलाचं जलसर्वेक्षण कार्यालय तयार करतं.

पडद्यावरचा नकाशा लहान केला, म्हणजे मोठा प्रदेश एकदम दिसेल असा ठेवला, की बारीकसारीक खुणा गायब होतात. त्यात उथळ जागा आणि खडपंही जाऊ शकतात. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी व्होल्वो ओशन रेसमधली 'टीम व्हेस्टास विंड' ही शिडाची नौका हिंदी महासागरात मॉरिशसच्या ईशान्येला असलेल्या कार्गाडोस काराजोस या प्रवाळ खडकांवर रात्री आदळली. नौकेवर नऊ जण होते. सगळे वाचले. नौकेवर आधुनिक उपकरणं होती, खडक नकाशातही होता. पण मार्ग ठरवताना नकाशा पुरेसा मोठा करून पाहिला गेला नव्हता, असं नंतरच्या चौकशीतून समोर आलं.

म्हणून पहिला नियम हा: प्रत्येक दोन टप्प्यांमधली रेषा नकाशा मोठा करून सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्याखालून घाला. पडद्यावर जी चूक राहिली, तीच कागदावर छापली जाते. प्रिंटरला समुद्र कळत नाही!

३) छापण्याच्या पायऱ्या

१. मार्ग आखून झाला की प्रत्येक टप्प्याला नाव द्या. नाव दिलं नाही तर सॉफ्टवेअर ००१, ००२ असे आकडे टाकतं. पडद्यावर ते चालून जातं, कारण शेजारी नकाशा असतो. कागदावर '००२' वाचून काहीच कळत नाही. 'पूर्णगडसमोर' वाचून लगेच कळतं.

२. मार्गाच्या रेषेवर उजवं क्लिक करून त्याची माहितीची खिडकी, म्हणजे रूट प्रॉपर्टीज, उघडा. तिथे ठरवलेला वेग भरा. सगळ्या टप्प्यांचा तक्ता समोर दिसेल.

३. त्याच खिडकीत प्रिंटचं बटण असतं. ते दाबलं की कोणते रकाने हवेत ते विचारतं: टप्प्याचं नाव, स्थान, दिशा, अंतर, वर्णन. हे पाचही निवडा. वर्णनात काय लिहायचं? "डावीकडे दीपगृह दिसेल" अशी डोळ्यांना दिसणारी खूण लिहायची.

४. शाळेत किंवा घरी प्रिंटर नसेल तर पीडीएफ करून ठेवा आणि नंतर छापून आणा.

५. नकाशाचं चित्रही वेगळं छापता येतं. त्याआधी अक्षांश-रेखांशांची जाळी चालू करा. पण हे चित्र जागा ओळखण्यापुरतंच धरायचं. कागदावर ते लहानमोठं होतं, त्यामुळे पट्टीने सेंटिमीटर मोजून अंतर काढू नका. अंतरासाठी तक्ताच वापरा.

४) नमुना तक्ता

रत्नागिरीहून विजयदुर्गाकडे जाणारा हा मार्ग मी फक्त वर्गात गणित करण्यासाठी घेतला आहे. प्रत्यक्ष होडी नेण्यासाठी तो वापरायचा नाही. वेग ६ नॉट, निघण्याची वेळ सकाळी ६.००.

टप्पा १: रत्नागिरीबाहेर
स्थान १६°५८.००′ उत्तर, ७३°१४.००′ पूर्व

टप्पा २: पूर्णगडसमोर
स्थान १६°४८.००′ उत्तर, ७३°१४.००′ पूर्व
दिशा १८०°, अंतर १०.० सागरी मैल, वेळ १ तास ४० मिनिटं, पोहोचणार ७.४०

टप्पा ३: विजयदुर्गच्या पश्चिमेला
स्थान १६°३३.५०′ उत्तर, ७३°१७.००′ पूर्व
दिशा १६९°, अंतर १४.८ सागरी मैल, वेळ २ तास २८ मिनिटं, पोहोचणार १०.०८

पहिल्या दोन टप्प्यांचा रेखांश एकच आहे. म्हणजे होडी सरळ दक्षिणेला गेली. अक्षांश ५८ मिनिटांवरून ४८ मिनिटांवर आला, फरक १० मिनिटं, म्हणून अंतर १० सागरी मैल. संगणकाशिवाय तोंडी झालं की नाही? छापलेला तक्ता असा एका ठिकाणी तरी स्वतः पडताळून बघायचा.

५) टिंबाने होणारा घोटाळा

मुलांची सगळ्यात जास्त चूक इथे होते, आणि मोठ्यांचीही होते. तिसऱ्या टप्प्याचा अक्षांश १६°३३.५०′ असा छापलाय. हे "३३ मिनिटं ५० सेकंद" नाही बरं का! हे साडेतेहतीस मिनिटं आहे, म्हणजे ३३ मिनिटं ३० सेकंद. कोणी घाईत ५० सेकंद वाचून दुसऱ्या यंत्रात भरलं, तर २० सेकंदांचा फरक पडला. २० सेकंद म्हणजे मिनिटाचा तिसरा भाग, म्हणजे सागरी मैलाचा तिसरा भाग, म्हणजे सुमारे ६१७ मीटर. खडपाच्या कडेने जाणाऱ्या होडीला ६१७ मीटर म्हणजे फार झाले.

म्हणून कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पेनाने स्पष्ट लिहा: "स्थान अंश आणि दशांश मिनिटांत आहे."

तसंच दिशेचं. होकायंत्राची सुई नेमकी खऱ्या उत्तरेकडे वळत नाही. या फरकाला दिक्पात म्हणतात. कोकणात तो अगदी थोडा आहे, पण अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर सुमारे १५ अंश भरतो. छापलेली दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजलीय की चुंबकीय उत्तरेपासून, तेही कागदावर लिहा. दिशा एक अंश चुकली तर ६० सागरी मैल गेल्यावर आपण जवळजवळ एक सागरी मैल बाजूला गेलेलो असतो.

६) कागद होडीवर कसा वापरायचा?

छापून झालं की शेवटी एक रिकामा रकाना आखा: 'प्रत्यक्ष पोहोचलो'. जीपीएस चालू असतानाच प्रत्येक टप्प्यावर खरी वेळ त्यात लिहीत जायची. हा रकाना हाताने भरायचा आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच.

समजा दुसऱ्या टप्प्यावर ७.४० ही वेळ लिहिली आणि ८.४० ला पडदा बंद पडला. आता घाबरायचं नाही. शेवटची पक्की जागा पूर्णगडसमोर. तिथून १६९ अंशांवर, ६ नॉटने, एक तास. म्हणजे आपण त्या रेषेवर ६ सागरी मैल पुढे आलोय. उरले ८.८. आणखी साधारण दीड तास. प्रवाह आणि वारा होडीला बाजूला ढकलतात, त्यामुळे हा अंदाजच असतो. म्हणून किनाऱ्यावरची दीपगृहं, किल्ले, डोंगर पाहून तो सुधारत राहायचं. पण ७.४० लिहिलेलंच नसेल तर हिशोब सुरू कुठून करणार?

कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, कारण खारं पाणी शाई ठेवत नाही. आणि एक प्रत घरी ठेवा. होडी वेळेवर आली नाही तर ती कुठून कशी जाणार होती हे घरच्यांना सांगता येतं. भारतीय तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ त्याच कागदावर खाली लिहून ठेवा.

७) सोडवा पाहू

१. वेग ८ नॉट असेल तर नमुना तक्त्यातला पहिला १० सागरी मैलांचा भाग किती वेळात संपेल?
२. १६°४५.२५′ हा अक्षांश अंश, मिनिटं, सेकंदांत लिहा.
३. दिशा एक अंश चुकली, तर ३० सागरी मैलांनंतर होडी साधारण किती बाजूला जाईल?

उत्तरं: १) १ तास १५ मिनिटं. २) १६ अंश ४५ मिनिटं १५ सेकंद. ३) सुमारे अर्धा सागरी मैल.

त्या मुलाने नमुना तक्ता वहीत उतरवून घरी नेला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "बाई, बाबा म्हणाले वेळेचा रकाना मोठा काढा, होडी हलते, बारीक अक्षर येत नाही." मित्रांनो, तुम्हीही तक्ता आखताना शेवटचा रकाना दुप्पट रुंद ठेवा.