पांढरी मिरी : केव्हा घ्यावी, कशासाठी?

काळी मिरी आणि पांढरी मिरी या दोन निरनिराळ्या वेलींच्या, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. वेल एकच. हिरवे पण पुरते भरलेले दाणे उन्हात वाळवले, की साल काळी पडते. ती काळी मिरी. पिकून लाल झालेले दाणे ७ ते १० दिवस पाण्यात भिजवायचे, साल चोळून काढायची आणि वाळवायचे. ती पांढरी मिरी. १०० किलो पिकल्या दाण्यांतून ती सुमारे २५ किलो उतरते. वजन घटते, मेहनत वाढते, म्हणून भाव जास्त.

मिरीला सावली, दमट हवा आणि भरपूर पाऊस लागतो. केरळात आणि कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागांत ती होते. आपल्या आदिलाबादच्या उन्हात, कापसाच्या रानात ती तग धरत नाही. म्हणून विकतच घ्यावी लागते.

तिखटपणा गाभ्यात असतो, सुवास बराचसा सालीत. त्यामुळे पांढरी मिरी तिखट, पण वासाला कमी. कढी, मठ्ठा, तांदळाची पेज यांत काळे कण दिसू नयेत, एवढ्यापुरतीच ती घ्यावी. अख्खी आणावी व लागेल तेवढीच कुटून शेवटी घालावी. रोजच्या कालवणाला काळीच पुरते.

खोकल्यावर मिरीचा काढा आम्हीही घेतो. घशाला बरे वाटते. पण खोकला २ आठवड्यांवर गेला, तर काळी काय नि पांढरी काय, मिरीवर विसंबू नये. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची तपासणी व औषधे तेथे मोफत मिळतात.