पाठीलाही डोळे असलेला पिंगळा



घुबडाला दगड मारू नये, असे आम्हांला लहानपणी सांगत. का, तर म्हणे ते तो दगड उचलून नेते, नदीकाठी घाशीत बसते, आणि दगड जसजसा झिजतो तसतसा तो मारणारा माणूसही झिजत जातो! आम्ही पोरे भीत असू. पण या भीतीने एक काम चांगले केले. आमच्या वाटेला आलेल्या घुबडांना कधी दगड लागला नाही. मात्र त्यांच्याकडे नीट पाहायचेही राहून गेले.

आज मी तुम्हांला अशाच एका छोट्या घुबडाची ओळख करून देणार आहे. ते आपल्याकडचे नव्हे, आफ्रिकेतले. आपला पिंगळा तुम्ही आमराईत, जुन्या वाड्याच्या भिंतीत पाहिलाच असेल. त्याचाच हा दूरचा भाऊबंद. इंग्रजीत त्याला पर्ल-स्पॉटेड औलेट म्हणतात. आपण त्याला मोतीपिंगळा म्हणू. 1817 साली व्हिएयो नावाच्या फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिले, त्यातही हा मोत्यांचाच उल्लेख आहे.

हा पक्षी पुरता वीतभरही नाही. लांबी सुमारे 17 ते 20 सेंटिमीटर, वजन साधारण 70 ते 100 ग्रॅम, म्हणजे हातात एक मध्यम कांदा घेतल्यासारखे. मादी नराहून थोडी मोठी. रंग दालचिनीसारखा तपकिरी; पाठीवर नि शेपटीवर मोती विखुरल्यासारखे पांढरे ठिपके. पोट पांढरट, त्यावर तपकिरी रेघा. डोके वाटोळे, कानांवर पिसांचे तुरे नाहीत, डोळे पिवळेजर्द. पंजे मात्र अंगाच्या मानाने चांगलेच दणकट.

आता खरी गंमत ऐका. हा पक्षी पाठमोरा बसला, तरी आपल्याकडे बघतो आहे असे वाटते! त्याच्या मानेच्या मागच्या बाजूस पांढऱ्या कडेचे दोन काळे ठिपके असतात. हुबेहूब डोळेच. याचे कारण काय? घुबडाचे डोळे खोबणीत घट्ट बसलेले असतात, ते आपल्यासारखे फिरत नाहीत. त्यासाठी त्याला मान बरीच मागे वळवावी लागते. तेव्हा पाठीमागून येणाऱ्या शत्रूला, ‘याचे लक्ष आहे बरं का,’ असे भासवणारे हे खोटे डोळे त्याच्या उपयोगी पडत असावेत, असे अभ्यासक मानतात.

आणि दक्ष राहायला त्याला कारणही आहे. कारण हा मोतीपिंगळा दिवसाही हिंडतो. टोळ, भुंगेरे, सरडे, उंदीर हे त्याचे खाणे. पण लहान पाखरांवरही तो झडप घालतो. त्यामुळे तो दिसला रे दिसला की बुलबुल, शिंजीर, कोतवाल अशी पाखरे त्याच्याभोवती जमून एकच कल्ला करतात. तिथले पक्षिनिरीक्षक मोतीपिंगळ्यासारखी शीळ घालतात, ती ऐकून झाडीत दडलेली पाखरे बाहेर येतात. ही शीळही ऐकण्यासारखी असते: ‘ती-ती-ती’ असे सूर चढत जातात, क्षणभर थांबतात, आणि मग लांबलचक ‘तिऊ, तिऊ’ असे उतरतात.

त्याचा मुलूख मोठा आहे. पश्चिमेला सेनेगलपासून पूर्वेला इथिओपियापर्यंत आणि दक्षिणेला दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर भागापर्यंत, जिथे बाभळीच्या जातीची झाडे नि मोकळे माळरान असेल तिथे तो राहतो. घनदाट जंगल त्याला नको, उघडे वाळवंटही नको. त्याला हवी झाडाची ढोली. पण ती त्याला स्वतःला कोरता येत नाही! सुतार पक्ष्याने किंवा तांबटाच्या जातीच्या पक्ष्याने कोरून सोडलेल्या ढोलीत मादी 2 ते 4 अंडी घालते आणि सुमारे 29 दिवस उबवते. म्हणजे सुतार पक्ष्याला कोरायला वाळके खोड मिळाले नाही, तर या पिंगळ्याचाही संसार अडतो.

आफ्रिकेतही बऱ्याच भागांत घुबडाचा संबंध चेटकाशी जोडतात, आणि त्यापायी घुबडे मारलीही जातात. विचार करा, पाखरे मोतीपिंगळ्याला भितात ते योग्यच आहे; तो त्यांना खातो. आपण माणसे मात्र ऐकीव गोष्टींनी भितो, आणि जो पक्षी आपल्या शेतातले उंदीर नि किडे खातो, त्यालाच अशुभ ठरवतो.

शिक्षकबंधूंना एवढीच विनंती. एखाद्या संध्याकाळी मुलांना गावातला पिंगळा दाखवा. तो कुठे बसतो, काय खातो, कोणत्या ढोलीत शिरतो, हे त्यांना वहीत टिपू द्या. आणि बांधावरचे वाळके झाड सरपणासाठी तोडण्याआधी, शेतकरी बंधूंनो, त्याच्या ढोलीत एकदा डोकावून पाहा. आत कुणाचे तरी घर असेल.