एका भाषेचे आउटपुट दुसऱ्या भाषेत : एक मागोवा

एका संगणकभाषेतील प्रोग्रामने पडद्यावर छापलेला मजकूर दुसऱ्या भाषेतील प्रोग्रामने टिपून घेणे आज नित्याचे झाले असले, तरी या सोयीची जडणघडण पाच दशकांची आहे. बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकइलरॉय यांनी प्रोग्राम एकमेकांना जोडण्याची कल्पना १९६४ मध्ये मांडली आणि १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये ‘पाइप’, म्हणजे एकाचे आउटपुट थेट दुसऱ्याला पोचवणारी वाहिनी, साकार केली. तिच्यातून केवळ बाइट वाहत असल्याने लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची भाषा एक असण्याची गरजच उरली नाही. पुढे त्रुटीसंदेशांसाठी स्वतंत्र प्रवाह आला आणि युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीतील ‘पीओपन’मुळे दुसऱ्या प्रोग्रामचे आउटपुट फाइलप्रमाणे वाचता येऊ लागले.

मात्र पाइपची क्षमता मर्यादित असते. आजच्या लिनक्सवर ती सामान्यतः ६५,५३६ बाइट असते. पालक प्रोग्राम, म्हणजे दुसऱ्याला सुरू करणारा प्रोग्राम, मुख्य आउटपुट संपण्याची वाट पाहत असताना त्रुटींचा पाइप भरला, तर लिहिणारा तिथेच थांबतो आणि दोघेही एकमेकांसाठी खोळंबून राहतात. पायथनच्या २.४ आवृत्तीत २००४ साली आलेल्या ‘सबप्रोसेस’ने दोन्ही प्रवाह एकाच वेळी वाचण्याची व्यवस्था करून हा पेच सोडवला.

पायथनने सी भाषेतील लायब्ररी आपल्याच प्रक्रियेत चालवली, की प्रश्न आणखी सूक्ष्म होतो. ‘सिस.एसटीडीआउट’ बदलल्याने पायथनचे छापणे वळते, पण सीचे ‘प्रिंटएफ’ कार्यप्रणालीच्या १ क्रमांकाच्या डिस्क्रिप्टरवर, म्हणजे उघड्या प्रवाहाच्या मूळ क्रमांकावर, लिहीत राहते. त्यामुळे ‘डप२’ने तो क्रमांकच अन्यत्र वळवावा लागतो आणि सीच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, अडकलेला मजकूर आधी बाहेर काढावा लागतो.

२००८ मध्ये आलेल्या पायथन ३ ने बाइट आणि मजकूर यांत काटेकोर भेद केला. त्याचे मोल मराठीला विशेष आहे, कारण यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत, ‘क’ तीन बाइट व्यापतो आणि वाचनाचा तुकडा मध्येच तुटला, तर अक्षरही तुटते. म्हणून प्रवाह मुळाशी वळवावा, दोन्ही प्रवाह एकत्र वाचावेत आणि एन्कोडिंग नेहमी स्पष्टपणे नमूद करावे, हाच या वाटचालीचा निष्कर्ष आहे.