चार ओळींचं पत्र आणि एक सही

सकाळी 6. विरार पूर्व. चहा उकळेपर्यंत रात्री युरोपातून आलेलं उत्तर वाचते. लिनक्स कर्नलमधल्या एका तापमान सेन्सरच्या ड्रायव्हरसाठी मी दुरुस्ती पाठवली आहे. तो भाग सांभाळणाऱ्याने दोन गोष्टी सांगितल्यात: एक मर्यादा बदला, आणि गणिताचा कोड कुठून आला ते लिहा. पहिलं काम लगेच होईल. दुसरं जास्त महत्त्वाचं.

7:45. लोकलने वसई रोड. आधीपासून दाराशी सरकलं नाही तर थेट नायगाव. तिथून रिक्षाने वालीव.

9. आमचा कारखाना शीतगृहांतलं तापमान नोंदवणारी यंत्रं बनवतो; आत लिनक्स चालतं. मालक विचारतात, "मॅडम, पगार देऊन लिहून घेतलेला कोड जगाला का द्यायचा?" मी सांगते, लिनक्स लिहिणाऱ्या टोरवाल्ड्स यांनी 1992 मध्ये कर्नल जीपीएल या मुक्त परवान्याखाली आणला, यंत्र विकत घेणाऱ्याला त्यातल्या कर्नलचा सोर्स मागायचा हक्क आहे. मग लपवून काय मिळणार? उलट कोड मूळ कर्नलमध्ये गेला, तर प्रत्येक नव्या आवृत्तीत आपली दुरुस्ती पुन्हा बसवायचे कष्ट वाचतील. ते मान डोलावतात.

10:30. आता मालकांच्या परवानगीचं पत्र. कॉपीराइट कायदा, 1957, कलम 17: नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा. म्हणजे तो देण्याचा अधिकार एकट्या माझ्याकडे नाही. लेटरहेडवर चार ओळी लागतात: कुठला ड्रायव्हर, कुठला परवाना, कोणाला परवानगी. तोंडी 'हो'वर मी कधीच पुढे जात नाही.

ही काळजी उगाच नाही. मार्च 2003 मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला. आपला कोड लिनक्समध्ये घुसवला, असा तिचा आरोप होता. खटला वर्षानुवर्षं चालला. त्यानंतर, 2004 पासून, कर्नलच्या प्रत्येक दुरुस्तीखाली लेखक 'साइन्ड-ऑफ-बाय' लिहून आपलं नाव घालतो. त्याचा अर्थ: हे मी लिहिलं आहे, किंवा योग्य परवान्याच्या कामावर आधारलं आहे, किंवा अशीच हमी देणाऱ्याने मला दिलं आहे, आणि ही नोंद कायम जाहीर राहील, हे मला मान्य आहे. कॉपीराइट मात्र कोणाच्या हवाली करावा लागत नाही. मला या व्यवस्थेतली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. कर्नल हजारो लोकांच्या मालकीचा आहे, म्हणून कोणतीही एक कंपनी त्याचा परवाना बदलू शकत नाही.

1:30. डबा उघडता उघडता नवी शिकाऊ मुलगी विचारते, "ताई, दुसऱ्या एका प्रकल्पात आधी करार मान्य करायला सांगतात. करू?" वाचून कर, म्हणते. अशा कराराने प्रकल्पाचा परवाना पुढे बदलता येऊ शकतो. परवाना बदलणं नेहमी वाईटच असतं असं नाही. रेड हॅटच्या ज्या लोहित टंकांत आपण मराठी वाचतो, तेही 2011 मध्ये जीपीएलवरून ओपन फॉन्ट लायसन्सवर आले, आणि ते बरंच झालं. पण कॅनॉनिकल कंपनीने 2023 मध्ये कंटेनर सांभाळणारं एलएक्सडी आपल्या ताब्यात घेतलं, डिसेंबरमध्ये परवाना बदलला आणि योगदानासाठी करार बंधनकारक केला. त्याआधीच जुन्या मंडळींनी इन्कस नावाने वेगळी चूल मांडली होती. करारात तुझ्या कोडचा परवाना पुढे कोण ठरवणार, ते आधी शोध. कॉपीराइट लिहून देत असशील तर मुदत आणि प्रदेशही बघ. आपल्या कायद्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच.

3:30. गणिताच्या कोडचं उत्तर. चिप बनवणाऱ्याच्या नमुना कोडच्या डोक्यावर 'गोपनीय' असं लिहिलेलं आहे. तो उतरवून खाली सही करणं म्हणजे खोटी हमी. म्हणून डेटाशीटमधल्या सूत्रावरून गणित मी स्वतः लिहिलं. कुठलं पान, कुठलं सूत्र, सगळं उत्तरात देते. फाइलच्या पहिल्या ओळीत परवान्याचा एसपीडीएक्स शिक्का आहेच. कर्नलमध्ये 2017 पासून तो सरसकट बसवला गेला.

6. मालकांची सही झालेलं पत्र फाइलला लागतं. मर्यादा बदलून, नावासह दुरुस्ती पुन्हा पाठवते.

वसई-विरारच्या कॉलेजांतून आता बरीच मुलं असा कोड लिहितात. त्यांना एवढीच विनंती: पहिली सही करण्याआधी 'साइन्ड-ऑफ-बाय'ची हमी पूर्ण वाचा. पानभरसुद्धा नाही.